टर्नटेबल, सीडी प्लेअर आणि बचत गटाचं कर्ज

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

गणपती जवळ आले की आमच्या तालुक्यात दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली, शांतता समितीच्या बैठकीत पोलिसांचं मंडळांना डीजेमुक्त मिरवणुकीचं आवाहन. दुसरी, विसर्जनानंतर अमुक इतक्या मंडळांवर गुन्हे दाखल. वीस वर्षं मी या दोन्ही बातम्या लिहितोय, फक्त मंडळांची नावं बदलतात. यंदाही व्हॉट्सअ‍ॅपवर दोन तट पडलेत. एकाला डीजे म्हणजे संस्कृतीचं वाटोळं वाटतं, दुसऱ्याला डीजेबंदी म्हणजे सणावर घाला. त्या भांडणात आज पडत नाही. त्या स्पीकरच्या भिंतीमागं, ट्रॉलीच्या कोपऱ्यात मशीनवर वाकून उभं असलेलं एक पोरगं असतं. त्याच्याबद्दल लिहायचंय, कारण तसं एक पोरगं यंदा माझ्या दारात आलं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडं डीजे म्हणजे ट्रक. ‘डीजे आला’, ‘डीजे जप्त केला’, ‘डीजे पुलावर अडकला’ असं आपण बोलतो आणि छापतोही. मूळ शब्द डिस्क जॉकी, म्हणजे तबकडी फिरवणारा माणूस. तो माणूस आपल्या भाषेतून कधी गळून पडला आणि त्याच्या जागी लोखंडी सांगाडा आणि अठरा इंची बेस कधी उभे राहिले, कळलंच नाही. सांगली-सातारा-कोल्हापूरकडं तर आणखी मजा, तिथं त्याला ‘डॉल्बी’ म्हणतात. डॉल्बी हे रे डॉल्बी नावाच्या इंजिनिअरचं आडनाव. १९६५ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि तिचं पहिलं मोठं नाव झालं ते टेपमधली खरखर कमी करणाऱ्या तंत्रामुळं. नको असलेला आवाज कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण कुठं चिकटवलं बघा.

तर ते पोरगं. वय वीस, आयटीआय इलेक्ट्रिशियन, तीन वर्षं एका साऊंडवाल्याकडं हेल्पर. बॉक्स चढवायचे, वायरी ओढायच्या, जनरेटरचं डिझेल बघायचं. रात्रीचे सातशे रुपये, सुपारी लांबची असेल तर वर जेवण. आता त्याला मशीनवर उभं राहायचंय. एके रविवारी आईला घेऊनच आला. शहरातल्या एका एजंटाकडं बंद पडलेल्या बारमधून काढलेले दोन सीडी प्लेअर आणि मिक्सर होते, सांगितलेली किंमत एक लाख दहा हजार. त्याच एजंटाकडं दोन जुने टर्नटेबलही होते, साठ हजारांना. आई बचत गटातून लाखभर उचलायला तयार झाली होती. गटाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला जातो, आणि चुकला तर बँकेच्या आधी गटातल्या बाकीच्या बायकांना तोंड द्यावं लागतं. त्या तोंड देण्याची धास्ती व्याजापेक्षा मोठी असते, हे ज्यांच्या घरात गट आहे त्यांना माहीत आहे.

पोरगं म्हणालं, “काका, यूट्यूबवर सगळी म्हणत्यात, विनाइलवर शिकला तोच खरा डीजे. एजंट म्हणतोय सीडीवाले घे, त्यावर लगेच धंदा सुरू हुईल. काय करू?”

आई म्हणाली, “भाऊ, मला त्यातलं काय कळत नाही. गटातनं उचलू का नको, तेवढं सांगा.”

मला विचारायचं कारण म्हणजे पुण्यात पत्रकारितेचा डिप्लोमा करताना माझा रूम पार्टनर रात्री एका क्लबमध्ये डीजेच्या हाताखाली काम करायचा. त्याच्या ओळखीवर मी कन्सोलच्या मागं स्टुलावर बसून असायचो. नाचता येत नव्हतं, त्यामुळं बघण्यात लक्ष. ती नेमकी मशीन बदलण्याची वर्षं होती. टेबलावर दोन टर्नटेबल असायचे आणि त्यांच्या शेजारी नवे सीडी प्लेअर येऊन बसले होते. जुना डीजे त्यांच्याकडं सवतीकडं बघावं तसं बघायचा.

आता दोन्ही मशीनबद्दल थोडं नीट सांगतो, कारण या गोष्टी विकणारा सांगत नाही.

डीजेचं टर्नटेबल आणि आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर दिसायला भाऊभाऊ, पण पोटात फरक. घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा मोटर बाजूला असते आणि रबरी पट्ट्यानं ताटली फिरते. बोटानं ताटली थांबवली, मागं ओढली, की पट्टा घसरतो, आणि सोडल्यावर वेग पकडायला वेळ लागतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीनं १९७० मध्ये पट्टा काढून ताटली थेट मोटरवर बसवली. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याच घरातून टेक्निक्स एसएल-१२०० आलं. १९७९ मध्ये त्याची सुधारलेली एमके-टू आवृत्ती आली, तिच्यात क्वार्ट्झवर पक्का धरलेला वेग आणि उजव्या हाताला वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी. आठ टक्के वर, आठ टक्के खाली. म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं साधारण ११० ते १३० च्या मधे कुठंही नेता येतं. एवढ्या एका पट्टीवर जगभरचा डीजेचा धंदा तीस वर्षं चालला. ही मालिका ३५ लाखांहून जास्त विकली गेली. २०१० मध्ये कंपनीनं ती बंद केली, आणि लोकांनी इतकी आरडाओरड केली की २०१६ मध्ये परत सुरू करावी लागली.

एजंटाकडचे साठ हजारांचे टर्नटेबल पट्ट्यावरचे होते. फोटो बघून मला शंका आली, फोन करून विचारलं तर तो म्हणाला, “पट्टा नवा टाकून देतो की.” म्हणजे मूळ मुद्दा त्यालाही माहीत नव्हता, किंवा चांगलाच माहीत होता. हे वाचणाऱ्या कुणाच्या पोराला कुणी ‘डीजे टर्नटेबल’ म्हणून काही विकत असेल तर एकच करा. मशीन चालू करून ताटली हातानं दोन सेकंद धरा आणि सोडा. क्षणात वेगात आली तर पुढं बोला. रडत रडत आली तर चहा घेऊन घरी या. दुसरं, टर्नटेबलमधून निघणारा आवाज फार बारीक असतो. मिक्सरवर ‘फोनो’ लिहिलेली वेगळी जागा लागते आणि बारकी अर्थिंगची तार जोडावी लागते. नाहीतर गुणगुण सुरू होते आणि मग मशीन खराब म्हणून कंठशोष.

यूट्यूबवरची माणसं विनाइलचा आग्रह धरतात त्यात तथ्य आहे, ते आधी कबूल करतो. विनाइलवर पडदा नसतो, आकडे नसतात, काहीही हिरवं-लाल चमकत नाही. एक गाणं लोकांना ऐकू जातंय, दुसरं हेडफोनच्या एका कानात, आणि दोन्हींचे ठोके जुळलेत की नाही हे फक्त कान सांगणार. पुढं जात असेल तर बोटाच्या टोकानं ताटलीला किंचित अडवायचं, मागं पडत असेल तर ढकलायचं. चार ठोक्यांचं एक आवर्तन, अशी आठ आवर्तनं मोजून पुढचं गाणं सोडायचं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सम पकडायची. तबल्याच्या क्लासला गेलेल्या पोराला हे एका दुपारी समजतं. हलगी वाजवणाऱ्याला तर समजावून सांगावं लागत नाही.

या सगळ्याची सुरुवात जिथं झाली असं मानतात ती जागाही काही श्रीमंतांची नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला एका मुलीनं शाळा सुरू व्हायच्या आधीची पार्टी ठेवली होती, नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला. गाणी लावायला तिचा भाऊ, त्याला कूल हर्क म्हणतात. त्याच्या लक्षात आलं की गाण्यातला गाणारा थांबून नुसता ताल सुरू होतो तेव्हा लोक जास्त नाचतात. पण तो तुकडा काही सेकंदांचाच. मग त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन मशीनवर लावून तो तुकडा लांबवायची युक्ती काढली. तिथून हिप-हॉप सुरू झालं म्हणतात. हा हर्क मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा. तिथं त्याच्या लहानपणीच रस्त्यावर मोठमोठे स्पीकर लावून नाचायची पद्धत होती, त्याला ते ‘साऊंड सिस्टिम’ म्हणायचे. म्हणजे स्पीकरच्या भिंती आपल्या मंडळांनी शोधलेल्या नाहीत, आणि त्या लावणारी माणसं आडदांडच असतात असंही काही नाही. फरक एवढाच की तिथं भिंतीच्या पुढं उभ्या असलेल्या पोराचं नाव इतिहासात आहे.

पण विनाइल आमच्या पोराच्या काय कामाचं? इथं माझं यूट्यूबवाल्यांशी बिनसतं. ती मंडळी लंडन-बर्लिनच्या पोरांशी बोलतायत. तिथं नाचायचं संगीत आजही बारा इंची तबकडीवर निघतं. आमच्या पोराला वाजवायचंय हळदीला, वरातीला, जयंतीला. त्यातलं निम्मं संगीत कुणीतरी लॅपटॉपवर बनवून मोबाइलवरून फिरवलेलं असतं, त्याची तबकडी जन्माला आलेलीच नसते. जुनी मराठी गाणी तबकडीवर आहेत, रद्दीवाल्याकडं कधी कधी मिळतातही. आजोबांच्या ७८ च्या वेगाच्या असतील तर त्या टेक्निक्सच्या एमके-टूवर वाजतही नाहीत, ते ३३ आणि ४५ वरच फिरतं. नव्या तबकड्या परदेशातून येतात, एकेकीला काही हजार. चांगलं नवं टर्नटेबल लाखाच्या घरात, लागतात दोन, शिवाय मिक्सर, शिवाय झिजणाऱ्या सुया. आणि समजा हे सगळं घेतलं. सुई म्हणजे काय, तर खाचेतली बारीक थरथर टिपणारं यंत्र. ती स्पीकरच्या बेसची थरथरही तितक्याच इमानानं टिपते, ती परत स्पीकरमधून निघते, आणि घूं असा आवाज वाढत जातो. क्लबमध्ये त्यासाठी टर्नटेबल जड फरशीवर, रबरावर बसवतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, खड्ड्यातून जाताना, बेसच्या भिंतीपासून चार फुटांवर सुई एक मिनिटसुद्धा खाचेत राहणार नाही.

मग सीडी प्लेअर? पुण्यात माझ्या डोळ्यांदेखत ज्यानं टेबल जिंकलं ते पायोनिअरचं सीडीजे-१०००, २००१ सालचं. वर मोठं गोल चाक, त्यावर हात ठेवला की गाणं थांबतं, फिरवलं की तबकडीसारखं मागंपुढं होतं. आतल्या मेमरीत गाण्याचा पुढचा तुकडा आधीच भरलेला असतो, त्यामुळं धक्का बसला तरी लगेच उडी मारत नाही. डीजेला तबकड्यांच्या चाळीस किलोच्या पेट्यांऐवजी सीडीचं एक पाकीट पुरायला लागलं. माझ्या पार्टनरची पाठ त्या वर्षी सुधारली, हे मी पाहिलेलं आहे.

पण ती गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. एजंट जे मॉडेल गळ्यात मारत होता त्याला पेनड्राइव्हची सोय नव्हती, फक्त सीडी. आज सीडी जाळायला लॅपटॉपमध्ये जागा नसते, कोऱ्या सीडी तालुक्याला मिळत नाहीत. आतल्या लेझरच्या भिंगावर धूळ बसली की सीडी वाचायची बंद होते, आणि धुळीचं म्हणाल तर आमच्या रस्त्यांना तोड नाही. बारमधल्या मशीननं वर्षानुवर्षं सिगारेटचा धूर खाल्लेला असतो ते वेगळंच. गंमत म्हणजे त्याच कंपनीचं २०२० मध्ये आलेलं सीडीजे-३००० घ्या. दोन लाखांच्या पुढं किंमत, मोठ्या क्लबमध्ये हेच असतं, नावात अजून ‘सीडी’ आहे, पण सीडी घालायला फटच नाही. म्हणजे ‘टर्नटेबल की सीडी प्लेअर’ या प्रश्नातलं दुसरं मशीन आता नावापुरतं उरलंय. तरी प्रश्न तसाच फिरत राहिलाय, आणि जुनी मशीन खपवणाऱ्यांना तो असाच फिरत राहायला हवाय.

शिकणाऱ्यानं आज काय घ्यावं, याचं उत्तर अवघड नाही. लॅपटॉपला किंवा मोबाइलला जोडायचा छोटा कंट्रोलर, दोन चाकं आणि मधे मिक्सर एकाच पाटीत. पंधरा-वीस हजारांपासून मिळतो, तीस-पस्तीसमध्ये बऱ्यापैकी येतो. एवढं तर दुकानदारही सांगेल. पण त्या कंट्रोलरवर एक बटण असतं, सिंक नावाचं. ते दाबलं की दोन्ही गाण्यांचे ठोके मशीनच जुळवतं. नव्या पोरांना वाटतं, आता शिकायला उरलंच काय? आणि जुने डीजे म्हणतात, याच बटणानं धंदा बसवला. हा वाद जगभर चालतो.

माझं म्हणणं असं की आपल्या संगीतापुरता हा वाद निकाली निघालेला आहे, कारण ते बटण आपल्याकडं धड चालतच नाही. सॉफ्टवेअर गाणं ऐकून त्यावर ठोक्यांची जाळी आखतं. मशीनवर बनवलेल्या गाण्याला ती चपखल बसते, कारण त्याचा वेग पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकच असतो. पण जुन्या लावणीत ढोलकीवर जिवंत माणूस बसलेला आहे. तो रंगात आला की लय चढते, चढायलाच हवी, त्यातच लावणीची मजा आहे. त्या गाण्यावर आखलेली जाळी अर्ध्या मिनिटात सरकते आणि दोन गाणी घोड्यांच्या टापांसारखी एकमेकांत अडखळायला लागतात. कोळीगीतांचं आणखी निराळं. बरीच कोळीगीतं सहाच्या वजनात चालतात, आणि चाराच्या हिशेबानं शिकवलेलं सॉफ्टवेअर तिथं बरेचदा भलताच आकडा दाखवतं. हळदीला कोळीगीत नाही असं होत नाही. म्हणजे बर्लिनच्या पोराचं एक वेळ सिंकवर भागेल, पण आमच्या पोराला कान तयार केल्याशिवाय गत्यंतर नाही. विनाइलवाले जे शिकायला सांगतात ते त्याला त्यांच्यापेक्षा जास्त लागणार आहे, फक्त विनाइल लागणार नाही.

एवढं बोलून झाल्यावर मी त्याला विचारलं, “मिरवणूक झाल्यावर कानात शिट्टी वाजते का रे?”

“वाजते की. दोन दिवस. सगळ्यांनाच वाजते.”

सगळ्यांनाच वाजते. हे वाक्य मी बातमीसाठी फिरताना कितीतरी वेळा ऐकलंय. ढोल पथकातल्या पोरींकडून, बंदोबस्ताच्या हवालदारांकडून, बँडवाल्यांकडून. आपण ज्या डेसिबलवर भांडतो ते सगळे रस्त्याकडेच्या घरांचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. सरकारला वर्षातले १५ दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंतची सूट देता येते. २०१८ च्या गणेशोत्सवात साऊंड व्यावसायिकांची संघटना उच्च न्यायालयात गेली होती, तिथंही विसर्जनासाठी दिलासा मिळाला नाही. हे सगळं ऐकणाऱ्यांच्या बाजूचं, आणि ते बरोबरच आहे. दवाखान्याशेजारी राहणाऱ्यांना विचारा. पण भिंतीला पाठ लावून आठ तास उभ्या असलेल्या हेल्परच्या कानाचं माप कुणी काढलंय? अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिचा हिशेब असा की ८५ डेसिबलला आठ तास काम करता येतं, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. असं करत १०० वर पोचलात तर पंधरा मिनिटं. भिंतीजवळ १०० म्हणजे साऊंडवाले म्हणतील, अजून चालू कुठं केलंय?

म्हणून मी आईला म्हटलं, वहिनी, गटातून काही उचलू नका, आधी याचे कान तपासून घेऊ. ती दचकली, पोरगं हसलं. जिल्ह्याच्या गावी कानाच्या डॉक्टरांकडं ऑडिओमेट्री होते, आम्हाला पाचशे रुपये पडले. बंद खोलीत हेडफोन घालून बसवतात, बारीक बारीक सूर सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. कागदावर आलेख निघतो. आवाजानं कान बिघडायला लागला की त्या आलेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, बाकी रेघ सरळ. बोलणं व्यवस्थित ऐकू येत असतं, त्यामुळं माणसाला पत्ता नसतो. याच्या उजव्या कानाची रेघ बरी निघाली. डाव्या कानात त्या जागी खड्डा होता. फार खोल नाही, डॉक्टर म्हणाले, पण गेलं ते परत येत नाही, आहे ते सांभाळ. त्याच्या साऊंडवर हेल्परची जागा ट्रॉलीच्या उजव्या अंगाला असते, पुढं तोंड करून उभं राहिलं की भिंत डाव्या कानाला येते. कुठला बॉक्स कुठं लावायचा हे त्यानं तीन वर्षं ऐकलं. कान कुठं ठेवायचा हे कुणी सांगितलं नव्हतं.

येताना एसटीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, म्हणजे मी लायनीतून गेलो?” नाही म्हटलं. बिथोव्हेन वगैरे सांगत बसलो नाही, वीस वर्षांच्या पोराला अशी उदाहरणं टोचतात. डॉक्टरांनी जे सांगितलं तेच परत सांगितलं. कानात घालायचे प्लग मिळतात, साधे फोमचे वीस-तीस रुपयांना जोडी. संगीत करणाऱ्यांसाठीचे थोडे महाग असतात, त्यात सूर न बिघडता आवाज खाली येतो. हेडफोन बंद कपाचा घ्यायचा म्हणजे बाहेरचा आवाज अडतो आणि आतला वाढवावा लागत नाही. तालमीला घरी कमी आवाजात बसायचं.

साऊंडच्या धंद्याचंही त्याला मोकळेपणी सांगितलं. या धंद्यात पैसा मशीनवरच्या पोराला मिळत नाही. तो बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, जनरेटर आणि गाडीच्या मालकाला मिळतो, आणि त्याच्याकडून फायनान्सवाल्याला. लग्नसराई आणि गणपती-नवरात्र सोडले तर बाकी महिने बॉक्सवर ताडपत्री. एका वर्षी बंदी कडक झाली की हप्ते थकतात. आमच्याच तालुक्यात दोघांनी बॉक्स भंगारापेक्षा थोड्या बऱ्या भावात विकलेले मी पाहिलेत. तेव्हा मोठ्या सिस्टिमचं स्वप्न तूर्त नको. हळदी, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, दोन छोटे स्पीकर आणि दहाच्या आत घरी, एवढ्यावर चांगला वाजवणारा पोरगा जगू शकतो. चांगला म्हणजे काय, तर आज्जी आणि नातू दोघंही ज्याच्या गाण्यावर उठतात तो. त्यासाठी लागतो तो कान आणि गाण्यांचा साठा, वॅट नव्हेत.

शेवटी झालं असं. गटातून काहीही उचललं नाही. पोरानं स्वतःच्या साठलेल्या चौदा हजारांत मालकाकडून सहा हजार उचल घेतली आणि साधा कंट्रोलर घेतला. हेडफोन मी दिला. तालमीला मी एकच पद्धत सांगितली, तीही त्या पुण्याच्या कन्सोलमागं पाहिलेली. एकच गाणं दोन्ही बाजूंना लावायचं, एकाचा वेग बहिणीला हवा तसा बदलायला सांगायचा, लॅपटॉपचा पडदा वहीनं झाकायचा आणि कानानं जुळवायचं. हर्कनं दोन तबकड्यांवर केलं त्याचाच गरिबाचा अवतार. पहिले पंधरा दिवस त्याला चार-पाच मिनिटं लागायची. परवा चाळीस सेकंदांत जुळवलं. सिंकच्या बटणावर त्यानं आपणहून इलेक्ट्रिकची काळी टेप लावलीय. लावणीवर अजून घसरतो, लय चढायला लागली की घाबरून सोडून देतो. त्याला म्हटलंय, तिथं दोन गाणी जुळवायच्या फंदात पडू नको, लावणी पूर्ण वाजू दे आणि ती थांबली की पुढचं सोड.

यंदाच्या मिरवणुकीत तो हेल्परच आहे, उचल फेडायचीय. प्लग घालून जाणार म्हणतो. मालकाला दाखवले तर मालक हसला म्हणे, “डॉल्बीवर येऊन कानात बोळे?” पण मग थांबून विचारलं, किती ठोक्यांनी मिळतात, बाकीच्या सात पोरांनाही आणू. मी मेडिकलवाल्याला आठ जोड्या काढून ठेवायला सांगितल्यात, पैसे मालक देणार आहे.